छतावरचा श्रावण

धुरपता : तू छतावर होता, श्रावण. हात पसरून उभा होता. मी या डोळ्यानं पाह्यलं.

श्रावण : वहिनी, मी वर होतो.

धुरपता : मंग छत कुठी असते? वरच असते.

श्रावण : त्याच्याही वर. हेलिकॉप्टरमध्ये होतो.

धुरपता : मागच्या महिन्यात मोतीबिंदू काढला माझा. आता मले साकोलीची बस वळणावर आली का तिच्यात बसलेले लोक दिसतात. तर मी काय पाह्यलं ते तू मले शिकवू नको.

श्रावण : पाह्यलं तर पाह्यलं. पन निर्मलेले कायले सांगतलं?

धुरपता : तुझ्या बायकोनं विचारलं मनून सांगतलं. काल सांजच्याले नागपूरवरून फोन आला तिचा. मनते, वहिनी, हे मनतात का साकोलीले मैदानात हेलिकॉप्टर आलं, मी त्याच्यात बसून फेरी मारली, आपल्या गावावरून गेलो. खरं आहे का? मी मनलं, हेलिकॉप्टर गेलं हे खरं. पन तवा तुझा नवरा छतावर होता, पिवळा शर्ट घालून. मीच तर आंगनातून हाका मारून राहिली होती त्याले. श्रावण, वर पाह्य, वर पाह्य.

श्रावण : तुमी मले हाका मारल्या?

धुरपता : मंग. गावावरून एवढी मोठी वस्तू चालली, तुले दाखवाले नको? तू तर मानही वळवली नाही.

श्रावण : आता त्याइनं काय ठरवलं माहीत आहे? रविवारी कैलाश गाडी घेऊन येऊन राहिला. मले नागपूरले नेते. डोक्याच्या डॉक्टरले दाखवते.

धुरपता : पोरगा बापाले डॉक्टरले दाखवते हे चांगलंच आहे. पन डोक्याच्या काहून?

श्रावण : एकटा राहून राहून डोकं फिरलं मनते.

धुरपता : आन नाही फिरलं?

श्रावण : तेच सांगाले आलो, वहिनी. आज ती तुमाले पुन्हा फोन करणार आहे. पक्कं कराले. या गावात ती तुमच्याशिवाय कोणाचं ऐकत नाही. तुमी एवढंच सांगा, श्रावण खरंच हेलिकॉप्टरमध्ये होता.

धुरपता : म्हणजे मी सांगू का जो माणूस मले छतावर दिसला तो हेलिकॉप्टरमध्ये होता.

श्रावण : हो.

धुरपता : कैलाशच्या गाडीत दोघाइले जागा आहे का, विचारून घे.

श्रावण : तुमी आंगनात या जरा. माझा हात धरा, सावकाश. हं. आता माझ्या छताकडं पाहा. कोण आहे?

धुरपता : तू.

श्रावण : आन हा तुमचा हात कोणी धरला?

धुरपता : तू.

श्रावण : वहिनी.

धुरपता : थांब. गडबड करू नको. एकदा इकडं पाहू दे, एकदा तिकडं पाहू दे.

श्रावण : बुजगावणं आहे ते.

धुरपता : छतावर?

श्रावण : छतावर.

धुरपता : तुझ्या छतावर कोणते धान लावले तू, का पाखरं येतात?

श्रावण : पाखरांसाठी नाही जी. माझ्यासाठी आहे.

धुरपता : बसू दे मले. या बाजीवर बसू दे. आता पह्यलेपासून सांग.

श्रावण : दिवाळीत ते सारे मनालीले गेले ना फिराले. कैलाश, सूनबाई, नातू, निर्मला. मले फोटो पाठवले. बर्फात उभी होती निर्मला, लाल कोट घालून. मले वाटलं कोणी दुसरी बाई आहे. मग पायात पाह्यलं तर साकोलीच्या बाजारातली चप्पल होती.

धुरपता : बर्फात चप्पल?

श्रावण : मोजे घालून.

धुरपता : तुले नाही बोलावलं?

श्रावण : धान उभा होता, मी कसा जाईन? त्याइले माहीत होतं का मी जाणार नाही, मनून विचारलं नाही. मले माहीत होतं का ते विचारणार नाहीत, मनून मी बोललो नाही. मग धान निंगाला, घरी आला. मी मनलं, आता आपणही सुट्टी घ्यावी.

धुरपता : कोणापासून?

श्रावण : माझ्यापासूनच. मालक मीच, गडी मीच. गड्यानं सुट्टी मांगतली, मालकानं जराशी कुरकुर केली, मग देल्ली.

धुरपता : बरं.

श्रावण : तेवढ्यात साकोलीले हेलिकॉप्टर आलं. दहा मिनिटांची फेरी, तलावावरून, आपल्या गावावरून, आन परत. पह्यल्या दिवशी टेकचंद बसला. तुमी पाह्यलं का टेकचंदच्या घरी काय झालं?

धुरपता : पाह्यलं. सारं घर छतावर. त्याची माय खुर्चीवर, सुना चादर धरून, पोरं थाळ्या वाजवून राहिले होते.

श्रावण : टेकचंद खाली आल्यावर दिवसभर तेच सांगे. तलाव कसा दिसला ते नाही, जंगल कसं दिसलं ते नाही. माझ्या घरचे दिसले, माझ्या घरचे दिसले. तवा मले विचार पडला. मी वर गेलो तर माझ्या घरचं कोण दिसल? माझ्या घरी मीच राहतो. आन मी तर वर.

धुरपता : मनून तू तुलेच ठेवून गेला.

श्रावण : बांबू होता घरी. धानाची तणीस यंदा भरपूर झाली. कैलाशच्या लग्नातला पिवळा शर्ट होता, मले आता ढिला होते, त्याले बरोबर बसला. एका हाताले दोरी सैल ठेवली, का वाऱ्यानं हलला पाहिजे.

धुरपता : मले काहून नाही सांगतलं? मी राहिली असती ना उभी.

श्रावण : तुमचे गुडघे. माझ्या घराच्या पायऱ्या उभ्या आहेत, कठडा नाही.

धुरपता : नसती चढली. पन विचारलं तर असतं. आंगनात उभी राहिली असती. आंगनातली बाई दिसत नाही का वरून?

श्रावण : दिसते.

धुरपता : मंग?

श्रावण : विचाराले पाहिजे होतं.

धुरपता : हं. पुढं सांग. कसं होतं ते?

श्रावण : लाखनीचे नवरा-बायको आन त्याइची पोरगी होती. चौथी सीट रिकामी होती, तिथी मले बसवलं. आधी वजन केलं, धानाचं करतात तसं, सोबतचं सामान धरून. मग पट्टा बांधला. कानावर एक मोठं झाकण बसवलं, काही ऐकू येत नाही. मग उडालं. वहिनी, तलाव एवढासा दिसते. आपण ज्याले जंगल मनतो ते ओल्या गोधडीसारखं दिसते. ते तिघं एकमेकाइले बोट दाखवत, ते पाह्य, हे पाह्य. मी खिडकीतून पाह्यलं. आपलं गाव आलं, मंदिर आलं, शाळा आली, मग माझं छत. छतावर पिवळा शर्ट. कोणाले तरी सांगावं वाटलं. मी बाजूच्या बाईले मनलं, ते माझं घर आहे.

धुरपता : काय मनली?

श्रावण : तिले ऐकू नाही गेलं. माझं तोंड हलताना दिसलं तिले. तिनं मले पन्नी देल्ली.

धुरपता : पन्नी कायची?

श्रावण : उलटीसाठी.

धुरपता : अरे राम.

श्रावण : चांगली बाई होती. पाठीवरून हातही फिरवला माझ्या. मग छतावरच्याचा हात हलला. खरंच हलला, वहिनी. मले लय बरं वाटलं. मीही इकडून हात हलवला.

धुरपता : आन ती बाई?

श्रावण : तिनं दुसरी पन्नी देल्ली.

धुरपता : हसू नाही आलं पाहिजे मले, पन येऊन राहिलं.

श्रावण : हसा. दोन्ही पन्न्या आहेत घरी. माझ्याजवळ दुसरा पुरावा नाही. तिकिटाची चिठ्ठी तर चढतानाच फाडून घेतली त्याइनं.

धुरपता : फोटो नाही काढला?

श्रावण : काढला. तोच तर निर्मलेले पाठवला. वरून काढलेला, आपला तलाव, आपलं गाव, माझं घर. लिहिलं का मीही फिराले आलो.

धुरपता : मंग झालं ना. फोटो पाहून तरी समजाले पाहिजे.

श्रावण : तिनं बोटानं मोठा करून पाह्यला. मले फोन केला. मनते, याच्यात तर तुमी छतावर उभे आहा. मंग फोटो कोणी काढला?

धुरपता : खरंच, कोणी काढला?

श्रावण : मी, वहिनी.

धुरपता : हं, हं. तू. विसरली होती.

श्रावण : आता साऱ्या गावाचं असंच झालं. मी कोणाले सांगतो हेलिकॉप्टरमध्ये बसलो, तर तो मनते, छतावर उभा राहिलं का बसल्यासारखंच वाटते. टेकचंद तर चहाच्या टपरीवर सांगते, श्रावण हात पसरून हेलिकॉप्टरले आपल्या छतावर उतरवाले पाहून राहिला होता. आशाताई येऊन गेली. मी वावरात होतो. तिनं खालूनच त्याले मनलं, काका, खाली उतरा, बीपी पाहू. तो उतरला नाही. तिनं वर दवाखान्यात लिहून देल्लं का पेशंट ऐकत नाही.

धुरपता : मंग काढत काहून नाही त्याले? परवापासून उभा आहे.

श्रावण : काढाले गेलो होतो. सांजच्याले वावरातून येऊन राहिलो होतो, तर दुरून दिसला. घरी कोणी तरी आहे असं वाटलं. मी मनलं, राहू दे एक-दोन दिवस.

धुरपता : मी काल त्याच्यासाठी पायरीवर वाटी ठेवली. वांग्याची भाजी. मले वाटलं, हा रुसून बसला वर, जेवण नाही, खाणं नाही.

श्रावण : ती मी खाल्ली. वाटी आणली, हे घ्या. तुमचं नाव कोरलं आहे तिच्यावर.

धुरपता : धुतली?

श्रावण : धुतली.

धुरपता : आन मी काय बोलली, तेही ऐकलं का तू?

श्रावण : कवा बोलल्या?

धुरपता : काल दुपारी. या बाजीवरच बसली होती. तू मान वळवत नव्हता, मी मनलं, नको वळवू, ऐकत तर आहे. मग बोलत बसली. लय वेळ बोलली.

श्रावण : मी वावरात होतो. काय बोलल्या?

धुरपता : जाऊ दे. त्याले सांगतलं ते सांगतलं. मधात एकदा हात हलवला त्यानं. मले वाटलं, समजलं तुले.

श्रावण : काहीतरी महत्त्वाचं होतं का?

धुरपता : फोनचं बोल. निर्मला कवा करणार आहे?

श्रावण : दुपारची भांडी झाली का. म्हणजे आताच.

धुरपता : ठीक आहे. मी सांगते, निर्मला, माझं चुकलं. तुझा नवरा हेलिकॉप्टरमध्येच होता. छतावर त्यानं तणीस भरून आपल्यासारखा दुसरा माणूस केला होता, आपलाच शर्ट घालून देल्ला, काहून का तो वर गेल्यावर खालून त्याले हात हलवाले कोणी तरी पाहिजे. बरोबर?

श्रावण : बरोबर.

धुरपता : मग कैलाश रविवारी नाही येत, आजच येते.

श्रावण : बुजगावण्याचं नका सांगू. नुसतं सांगा, नजर चुकली.

धुरपता : नवीन डोळा आहे. तरी तुझ्यासाठी सांगते. सांगते, चुकली. मग पुढं?

श्रावण : पुढं काय. मग मी शहाणा. कैलाश येत नाही. त्याची सुट्टी वाचते.

धुरपता : आन तू?

श्रावण : मी इथीच.

धुरपता : हं.

श्रावण : वहिनी, काल निर्मला आधी रागावली. मग मनली, तुमी आता इकडेच या.

धुरपता : हे आधी कवा मनली होती?

श्रावण : नातवाले सांभाळाले गेली तवापासून नाही. सहा महिन्यांसाठी गेली होती, दोन वर्षं झाली. तिकडे दोन खोल्या. शहाण्या माणसाले त्याइच्यात जागा नव्हती. पागल माणसासाठी कैलाश मनते, हॉलमध्ये दिवाण टाकतो.

धुरपता : नातू किती मोठा झाला?

श्रावण : फोनवर मले काका मनते.

धुरपता : मग माझ्याकडं शहाणपणाचा दाखला घ्याले कायले आला तू?

श्रावण : घरून निंगालो तवा दाखलाच पाहिजे होता. आता तुमच्याशी बोलता बोलता वाटून राहिलं का डॉक्टरले पागल माणूस पाहाले भेटला नाही, तर त्याचंही नुकसान.

धुरपता : नीट बोल.

श्रावण : नीट बोलतो. एका माणसाले खरं माहीत पाहिजे होतं. तुमाले झालं. निर्मलेले तुमी जे पाह्यलं तेच सांगा.

धुरपता : विचार करून बोलून राहिला ना?

श्रावण : हो.

धुरपता : तिकडं आंगन नाही राहत, श्रावण.

श्रावण : माहीत आहे.

(धुरपताचा मोबाईल वाजतो. ती तो लवकर उचलत नाही.)

धुरपता : हॅलो. हो, बोल निर्मला. झालं जेवण. तुझं? हो... नाही गं, नजर कायची चुकते, डोळा चांगला झाला. छतावरच होता. आताही आहे. हो, समोरच दिसून राहिला मले, पिवळा शर्ट. नाही, बोलत नाही काही. मी काल किती बोलली, एक शब्द नाही. खाते ना, वाटी ठेवली का रिकामी होते... नाही, रडू नको. पडत नाही तो, पक्का उभा आहे. ऐक माझं. एकट्याले नाही ठेवाचं आता. घेऊन जा बाई त्याले. हो. ठेवते.

श्रावण : एकही शब्द खोटा नाही बोलल्या तुमी.

धुरपता : काहून बोलीन?

श्रावण : रडून राहिली होती?

धुरपता : थोडीशी. तुझ्यासाठी पुरे तेवढी.

श्रावण : शनिवारी त्याले काढून टाकतो. तणीस तुमच्या इथी आणून देतो, चुलीच्या कामी येते. शर्ट तेवढा मले लागल. दवाखान्यात घालाले.

धुरपता : शर्ट ने तू. आमच्या याइचा एक सदरा आहे पेटीत, ते वारले तवापासूनचा, तो घालून देऊ त्याले.

श्रावण : कोणाले?

धुरपता : काढू नको त्याले. फक्त जाताना त्याचं तोंड माझ्या आंगनाकडं फिरवून ठेव.