अ. ब. क., ठाकुर्ली

— नाही हो, चहा थंड करून प्रश्न विचारायचे नाहीत, आधी घोट घ्या. मागच्या वेळी ठाण्याहून आलात तेव्हाही लोंढ्यांकडे नुसतं पाणी पिऊन गेलात — दाराच्या भोकातून पाहिलं मी — म्हणजे, दार उघडंच होतं माझं. समीक्षा ना नाव तुमचं? बघा, लक्षात आहे. दत्तक घेणारी माणसं कशी आहेत, भांडतात का, पितात का, हे शेजाऱ्यांना विचारायचं असतं तुम्हांला — मग विचारा की! पाटणकर बाई म्हणतात मला, बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंय, माणूस तोंड उघडायच्या आत ओळखते. घ्या लिहून. दयानंद आणि सुवार्ता लोंढे, भिंतीला भिंत लागून नऊ वर्षांचा शेजार, आणि नऊ वर्षांत एक उणा शब्द नाही. ख्रिस्ती आहेत, हो. मग? आमचा दिवाळीचा फराळ तिकडे, त्यांच्या नाताळच्या करंज्या इकडे. आणि खरं सांगू का, करंजी तिचीच खुसखुशीत, माझी मेली मऊ पडते. हे नका लिहू.

मुलीचं तर सगळं तुमच्या फाईलमध्ये असेलच. सुवार्ताची धाकटी बहीण करुणा — नर्स म्हणून नैरोबीला गेली, तिथल्याच एका मास्तराशी लग्न केलं, फोटो पाहिलाय मी, हसरा माणूस — आणि दोन वर्षांपूर्वी दोघंही एकाच अपघातात गेली. त्यांची पोरगी अमानी तेवढी घरी होती म्हणून वाचली. आता पाच वर्षांची आहे. बापाकडची पणजी सांभाळते, पण त्या म्हातारीलाच कुणीतरी सांभाळावं अशी अवस्था. म्हणून या दोघांची धडपड — तिकडचं कोर्ट, इकडचं ऑफिस, हा दाखला, तो दाखला, दीड वर्ष झालं! सुवार्ता मोबाइलवर तिकडची भाषा शिकते, दुधाला ‘माझीवा’ म्हणतात म्हणे. दयानंदनं पोरीच्या खोलीला पिवळा रंग दिला, पसंत पडला नाही, पुन्हा पिवळाच दिला, पण वेगळा पिवळा. आणि आता सगळं अडलंय ते तुमच्या अहवालापाशी. तुम्ही चांगलं लिहिलंत तर पोरगी येणार, नाही लिहिलंत तर तिकडेच राहणार. बरोबर ना? मग अडचण काय आहे?

पत्र आलंय? कसलं पत्र? — निनावी! शी शी शी. कोण असेल हो? दुसऱ्या मजल्यावरचा दिपेश असणार. त्याला बुधवारचा त्रास होतो — दर बुधवारी सातला लोंढ्यांकडे चर्चची दहा-बारा माणसं जमतात, पेटी, तबला, गाणी, प्रार्थना — फार गोड गातात, डोळे मिटून ऐकलं तर भजनच वाटावं — पण दिपेशला म्हणे मॅच ऐकू येत नाही. नाहीतर आमचा वॉचमन गुणाजी. छे, तो बिचारा रजिस्टरमध्ये नाव लिहिताना घामाघूम होतो, तो कुठला पत्र लिहितोय! माणसं हल्ली फार कोत्या मनाची झालीत. लिहायचं तर छातीठोकपणे नाव घालून लिहा ना! आणि लिहिलेलं काय असणार, तर घरात सदा वर्दळ, दोघंही नोकरीला, पोरीकडे बघणार कोण, शिवाय ती आफ्रिकेतली, तिचा रंग, तिचे केस, इथली मुलं चिडवतील, तेव्हा तिच्याच हितासाठी तिला तिथेच राहू द्यावं — असल्याच थाटाचं. असतात ना अशी पत्रं. मी आपला अंदाज करतेय. तुम्ही अशा का बघताय माझ्याकडे?

आणलंय? बघू बघू, द्या इकडे. चष्मा नको, महिन्यापूर्वी मोतीबिंदू काढलाय, आता लख्ख दिसतं. हं. अक्षर चांगलं आहे. वळणदार. डावीकडे समास सोडलाय, परिच्छेद पाडलेत, शेवटी ‘आपली विश्वासू, अ. ब. क.’ — आम्ही मुलांना हेच सांगायचो, परीक्षेत पत्र लिहिताना स्वतःचं नाव घालायचं नाही, अ. ब. क. लिहायचं, म्हणजे तपासणाऱ्याला पत्ता लागत नाही पेपर कुणाचा ते. पण बाकीचं सगळं मात्र जागच्या जागी हवं, त्याला गुण असतात. उजव्या कोपऱ्यात दिनांक, आणि दिनांकाच्या वर —

अगं बाई!

३०४, मैत्रबन सोसायटी, ठाकुर्ली पूर्व. पिनकोडसुद्धा घातलाय.

हसा, हसा तुम्ही. हसण्यासारखंच आहे. बत्तीस वर्षं पोरांना दम दिला, पत्ता विसरलात तर अर्धा गुण कापीन म्हणून — हाताला लागलेलं वळण, ते निनावी पत्रातसुद्धा सुटलं नाही! म्हणून सरळ माझ्याकडे आलात होय? आणि मला वाटलं, शेजारीण म्हणून आलात. केव्हाच्या बसलाय समोर गुपचूप, आणि मी त्या दिपेशच्या नावानं खडे फोडतेय. बिचारा परवाच माझा सिलिंडर उचलून आत ठेवून गेला.

हो, मीच लिहिलं. का लिहिलं? ते मलाही — नाही, मला ठाऊक आहे. अपूर्व माझा मुलगा, मेलबर्नला असतो. रविवारी फोन करतो, दहा मिनिटं, त्यातली चार तिकडच्या हवेची. माझं ऑपरेशन झालं तेव्हा त्यानं फुलांचा गुच्छ पाठवला, हा एवढा मोठा. आता मला सांगा, डोळ्यात थेंब काय फुलं घालणार? सुवार्ता घालते. सकाळी ड्यूटीला जाताना एकदा आणि दुपारी चारला परत आल्यावर एकदा. बाटली हातात, फोन टेबलावर उभा, फोनमध्ये अमानी — तिच्याकडे तेव्हा दीड वाजतो — आणि ती पोरगी तिथून ओरडते, ‘आजी, डोळे मीट!’ तिला आलेलं पहिलं मराठी वाक्य ते. सुवार्तानं नाही हो शिकवलं, ऐकून ऐकून आलं. मी मिटते, तर तिकडे ती पणजीला पण डोळे मिटायला लावते.

मग पंधरा दिवसांपूर्वी डॉक्टर म्हणाले, पाटणकर बाई, छान भरलाय डोळा, अजून थोडे दिवस, मग थेंब बंद. माणसाला आनंद होतो अशा वेळी. मला घरी येऊन रडू फुटलं. थेंब बंद, मग ती कशाला येईल? तोवर पोरगी आलेली असेल, तिची शाळा, तिचं खाणं-पिणं, तिची दुखणी, आणि भिंतीपलीकडची म्हातारी राहिली बाजूला. पाच वर्षांच्या पोरीवर जळले मी, समीक्षा. आई नाही, बाप नाही, अशा पोरीवर. त्याच दुपारी बसले आणि एकटाकी लिहून काढलं, खाडाखोडसुद्धा नाही, आणि सोमवारी पेटीत टाकलं.

बुधवारी त्यांची प्रार्थना होती. मी इथेच, ह्याच खुर्चीत बसलेली. भिंत पातळ आहे आमची, सगळं ऐकू येतं. सुवार्ता प्रार्थना करत होती — प्रभू, शेजारच्या बाईंची नजर चांगली होऊ दे, त्या एकट्या आहेत, त्यांना सांभाळ. आणि मग अमानीचं, तिला लवकर घरी आण म्हणून. आधी मी, मग अमानी! ज्या पोरीसाठी दीड वर्ष जीव काढतेय, तिच्या आधी मी! वर्गाबाहेर अंगठे धरून उभं करावं ना मला, तेवढीच माझी लायकी. त्या रात्री जेवण गेलं नाही. पोस्टात जाऊनही आले गुरुवारी, पत्र परत मिळतं का विचारायला. नाही मिळत.

एक कोरा कागद द्या बघू. हे पत्र राहू दे फाईलला, फाडू नका, केलं ते केलं. पण त्याच्यावर दुसरं लावा, नाव घालून देते — चित्रा पाटणकर, निवृत्त शिक्षिका. लिहिते की आधीचं पत्र मीच लिहिलं आणि ते धादांत खोटं आहे. पोरीकडे बघणार कोण? मी बघणार. शाळा सुटायच्या वेळी मी फाटकाशी उभी असेन, मराठी मी शिकवीन, आणि चिडवू दे तर कुणी, बघतेच! माझ्या वर्गात कुणाची टाप नव्हती. चालेल ना हे? अहवाल होईल ना चांगला? — नुसती मान नका हलवू, नीट सांगा. — होईल. हुश्श.

आता सुवार्ताला कोण सांगणार? तुम्ही नका सांगू. मीच सांगते. त्याची युक्ती आहे माझ्याकडे — थेंब घातले की पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं असतं, तेवढ्यात सांगून टाकीन. म्हणजे तिचा चेहरा बघायला नको. भित्रेपणा आहे, माहितेय मला, पण ह्या वयात —

वाजले का चार? आलीच बघा. घ्या, सही केली, आवरा ते कागद. — ये गं सुवार्ता, दार उघडंच आहे. ह्या काय, निघाल्याच आहेत. — निघा हो तुम्ही, चहा राहू दे, पुढच्या खेपेला करंजी देईन, तिच्या हातची. — लावलास फोन? दिसतेय का मी? हो गं बाळा, आजीच. काय म्हणतेस? डोळे मीट? — नाही गं राजा, आज नाही. आज उघडेच ठेवते. सुवार्ता, ती बाटली खाली ठेव आधी. बस. अशी समोर बस माझ्या.