चपट्या डोक्याचा मासा

डोळ्यांच्या दवाखान्यात शिंपीणबाई आपल्या नंबराची वाट पाहत बसल्या होत्या. शेजारी मोतीबिंदूमुळे दिसेनासं झालेला एक म्हातारा मच्छीमार आणि मासे ओळखण्याच्या कचेरीत काम करणारी त्याची लेक. ऑपरेशनच्या दारातून म्हातारा दोनदा पळाला होता, हे त्यांच्या बोलण्यातून बाईंना केव्हाच कळलं होतं.

"बाबा, हात पुढे करा. बर्फातला आहे, गार लागेल."

"दवाखान्यात मासा? अगं, हाकलतील आपल्याला!"

"कचेरीत दोन दिवस सगळे डोकं खाजवतायत. ओळखा बघू."

"डोकं लाटल्यासारखं चपटं. डोळे पार वर. हा तळाला वाळूत अंग पुरून बसतो. गालावर दोन काटे..."

"जपून!"

"मला शिकवू नकोस. खालचा काटा लांब आहे. म्हणजे दोन जातींपैकी एक. आता शेपटी सांग. करडी, की काळे-पिवळे पट्टे?"

"नाही सांगणार."

"म्हणजे?"

"ऑपरेशन होऊन डोळ्यावरची पट्टी सुटली की तुम्हीच बघा. तोवर बर्फात ठेवते."

"बापाला कोंडीत पकडतेस होय गं?"

"तुमचीच लेक ना!"

"आणि तुझे साहेब थांबतील तोवर?"

"ते म्हणाले, बाबांसाठी थांबू."

"माझ्यासाठी?"

तेवढ्यात नर्सने हाक मारली. "आजोबा, चला. आज पळायचं नाही हं!"

"पळतोय कोण? माझं काम खोळंबलंय. आधी हात धुवायला पाणी द्या."

म्हातारा आत गेला. शिंपीणबाईंना राहवेना.

"मला तरी सांग गं, शेपटी कशी आहे?"

"नाही मावशी. आधी बाबा बघतील."