पाट वर येईपर्यंत

मपलं माहेर चकलांब्याचं, गेवराई तालुक्यातलं, आन दिलं ती माजलगावला, कासाराच्याच घरात. नाव सरूबाई, पन नावानं हाक मारनारी मानसं आता थोडीच ऱ्हायलीत, बाकी समदी गावं कासारीन म्हनूनच वळखतात. बाप कासार, सासरा कासार, मालक कासार, म्हनजे बांगड्या भरन्याबिगर दुसरं काई मला मालूमच न्हाई बगा. भाकरी थापाया शिकायच्या आदी मी बांगडी चढवाया शिकले. आई म्हनायची, बाईचा हात धरला की तिच्या तोंडाकडं बगायचं न्हाई, हाताकडं बगायचं. आता ह्या वयात मला मानसाचं तोंड ध्यानात ऱ्हात न्हाई, हात ऱ्हातो. तुमचा बी मगाशीच बगितला ताई, खडू धरनारा हात हाय, शाळंत शिकवता न्हव्हं? आन आता मपलं लिवून घ्याया आलात.

पयले आमी पायीच फिरायचो. मालकाच्या खांद्याला पेटी, मपल्या डोक्यावर टोपली, शिंदफणेच्या कडंकडंनं एक गाव झालं की दुसरं. मग धरन झालं, पानी चढलं, गावं उठली आन लांब माळावर जाऊन बसली, कुनी रस्त्याच्या ह्या अंगाला तर कुनी त्या अंगाला. पायी जायची सोयच ऱ्हायली न्हाई. मग इस्टी. तव्हा गुडघे धड व्हते, पेटी घिऊन टनकन चढायचे, कंडक्टर म्हनायचा मावशी सावकास, आन मी म्हनायचे तू तपली घंटी वाजव रं बाबा, मपली फिकीर करू नको. लई तोंड चालायचं तव्हा. आता बी चालतंय म्हना, पायच चालत न्हाईत.

मालकाचं आदी सांगते, म्हनजे तुमाला मपलं कळंल. मालकाला डोळ्यानं दिसंना झालं. काचबिंदू म्हनले डॉक्टर, लई उशीर केला म्हनले. त्या दिवसापून ते घरी बसले आन मी एकटी पेटी घिऊन फिराया लागले. आन काय सांगू तुमाला, बसले ते बसलेच. पयले वट्यावर बसायचे, येनाऱ्याजानाऱ्याच्या आवाजावरून वळखायचे, मग दारात बसाया लागले, मग आत बाजंवर, आन आता बाजंवरून उठा म्हनावं लागतंय. दिवसभर एकच सवाल, किती वाजले गं. आत्ता तर सांगितलं की हो. पुन्हा, किती वाजले गं. डोळे गेले ते एकदाच गेले, पन मानूस रोज थोडा थोडा गेला. मला मरायचं भ्या न्हाई ताई, खोटं कशाला बोलू, मला त्या बाजंचं भ्या वाटतंय.

मग मपले गुडघे. आदी उजवा दुखाया लागला, त्याचं ऐकून डावा बी. निर्गुडीचा पाला बांधला, मिठाचा शेक दिला, लसनाचं तेल चोळलं, सुनंनं रोज चोळून दिलं, तिचं नाव मंगल, तिला नाव ठिवायला जागा न्हाई. पन इस्टीची पयली पायरी तुमी कवातरी नीट बगा. तुमा तरन्या मानसाला ती दिसत बी न्हाई, मला मांडीइतकी लागती. एक दिवस एक पाय वर ठिवला, दांडी धरली, दुसरा उचलंनाच. मागून लोकं, ए आजी चल की, ढकलाया लागले, आन कंडक्टरला गर्दीत मी दिसले न्हाई, त्यानं डबल घंटी दिली. गाडी हालली आन मी खाली, पेटीवरच. समद्या बांगड्या वाढल्या. फुटल्या म्हनत न्हाईत आमच्यात, वाढल्या म्हनायचं, अशुभ बोलू नये. लागलं त्याचं काई न्हाई वाटलं, लाज वाटली लई. भर स्टँडवर, मपल्याच पोराच्या दुकानासमोर.

पोरगा एकच, अशोक. स्टँडसमोर त्याचं दुकान हाय, लेडीज एम्पोरियम, काचंची कपाटं, ट्यूबलाईट, टिकल्या, क्लिपा, प्लास्टिकच्या बांगड्या आन आता त्या मेटलच्या सेटाच्या निघाल्यात, टीव्हीतल्या बाया घालतात तसल्या. तो पळत आला. पोराचं तोंड पांढरंफटक पडलतं. बीडला नेलं, फोटो काढला. हाड धड हाय म्हनले, पन गुडघ्यातलं वंगन संपलंय, खाली बसायचं न्हाई, मांडी घालायची न्हाई, चढउतार करायची न्हाई. मी इचारलं, मग करायचं काय? डॉक्टर हसला, म्हनला आराम करा आजी. घरी आल्यावर अशोकनं प्लास्टिकच्या खुर्चीला मधी भोक पाडून ती संडासात ठिवली. लाज वाटती सांगाया, पन तुमी लिवा, म्हाताऱ्या मानसाची निम्मी जिंदगी ह्या असल्याच गोष्टीत जाती.

आन म्हनला, आई, आता बास. पेटी माळ्यावर. उद्यापून दुकानात बस. वाईट न्हाई ताई पोरगा, उलट काळजीनं अर्धा झालाय. म्हनायचा, अगं तू पडलीस आन मांडीचं हाड मोडलं तर? दादांचं बाजंवर करतोच आपन, तुजं बी जाग्यावर करायची येळ आली तर मंगल एकटी किती पुरंल? काय चुकीचं बोलला? मी गप दुकानात बसले, खुर्चीवर, पंख्याखाली. पोरी यायच्या, काचंतून बोटानं दाखवायच्या, हे द्या, ते द्या, आन आपल्या हातानं घालून निघून जायच्या. मेटलच्या बांगडीला कासारीन कशाला लागती? कुनी हातच देईना. दिवसभर मपले हात मपल्याच मांडीवर. गावात असं नसतंय, बाई हात देती तव्हा समदं बोलून घेती, सासूचं, नवऱ्याचं, दिवस गेल्याचं, न गेल्याचं, आन हात मऊ पडला की बांगडी कवा चढली तिला कळत बी न्हाई. तर एक दिवस दुपारी अशी बसले असताना मी अशोकला म्हनलं, किती वाजले रं. बाजंवरचा सवाल मपल्या तोंडात आलता.

रातभर झोप न्हाई. सकाळी आंघूळ करून न्हानीतल्या पाटावरून उठत व्हते, पाट म्हनजे कडूलिंबाचा, इतभर उंच पायाचा, सासूच्या वक्ताचा. भिताडाला धरून उठताना मनात आलं, ह्याच्यावरच पाय ठिवला तर? मंगल पान्याला गेलती तवर वट्याला पाट लावून चढून बगितलं. जमलं. पन इस्टीत चढल्यावर पाट खालीच ऱ्हानार, वाकून घ्यायचा तर गुडघे बोंबलनार, आन रोज कुनाकुनाला म्हनायचं, दे रं बाबा वर. मग त्याला दाव्याचा तुकडा बांधला. आदी पेटी आत ठिवायची, मग पाटावरून आपन, आन वर गेलं की हिरीतून बादली शेंदावी तसा पाट शेंदून घ्यायचा. उतरताना उलटं, आदी पाट खाली सोडायचा आन मग पाठमोरं आपन.

अशोक माल आनाया गेलता त्या दिवशी गल्लीतल्या पोराकडून पेटी माळ्यावरून उतरवून घेतली आन निघाले. पोराला चोरून, ह्या वयात. स्टँडवर पाट घिऊन हुबी ऱ्हायले तर समदी मपल्याकडं बगाया लागली. एक म्हनला, आजी, जेवाया बसायचं का न्हायाला? दुसरा म्हनला, अरं आजीचं लगीन हाय, पाटावर बसवनार हायेत. मी म्हनलं व्हय रं, तपल्या आज्यालाच पसंत कराया चालले. हसले समदे. पन ताई, तोंड चाललं तरी आतून देवाचा धावा चाललता. देवा वैजनाथा, आज पडू देऊ नको, आज पडले तर कायमची पडले, एवढंच मनात.

गाडीवर करीमभाई ड्रायव्हर व्हता, पांढऱ्या दाढीचा, बीडचा. त्याला आरशात दिसलं, म्हातारी चढली आन तिच्या मागून दोरीनं पाट वर येतोय, धाडधाड दाराला आपटत. हसून हसून त्याच्या डोळ्यात पानी आलं. मग कायकी मनात आलं त्याच्या, हसायचा थांबला, गाडी बंद केली, फिरून मागं आला. म्हनला मावशी, अच्छा किया तुमने, पन असा झटका मारू नका, तोल जाईल, आराम से वढा. पाट वर येईपर्यंत गाडी हालनार न्हाई, मपला जिम्मा. आन कंडक्टरवर डाफरला, बे, आदी पाट बगायचा, मग घंटी मारायची.

तवापून ते ठरूनच गेलं. गाडीला कितीबी उशीर झालेला असो, करीमभाई आरशात बगत बसायचा. त्याचा बी डावा गुडघा क्लच दाबून दाबून गेलाय, मी त्याला निर्गुडी सांगितली, तो मला म्हनायचा मावशी, आपन दोघं मिळून एक धड मानूस हाय. अशोकला कळायचं ते कळलंच. लई दिवस बोलला न्हाई मपल्याशी, ताटावर बसला की मान खाली. मग करीमभाईच दुकानात गेला, म्हनला बेटा, मपल्या गाडीत हाय तवर फिकीर करू नको. तव्हा कुठं त्यो नरमला. गावात गेलं की बाया आता मला प्लास्टिकची खुर्ची देतात, त्या खाली बसतात आन मी वर, पाटलाची म्हातारी मपल्याहून मोठी, ती बी खाली. कसंनुसं व्हतं, पन काय करता, खाली बसले तर उठवाया चौघं लागतील.

आता करीमभाई रिटायर झाला. परवाच शेवटची गाडी मारली त्यानं. उतरताना त्यो मपला पाट धराया मागं आला, कवा येत नसतो, म्हनला मावशी, नव्या पोराला सांगितलंय मी. मी इचारलं, काय म्हनला पोरगा? करीमभाईला खोटं बोलाया येत न्हाई. दाढी खाजवली आन म्हनला, बघतो म्हनलाय.

बघतो. तुमीच सांगा ताई, ह्याचा काय अर्थ घ्यायचा? परवापून हेच घोळतंय डोक्यात, जेवन जाईना. त्या नव्या पोराचं बी खरं हाय. त्या काळ्यापिवळ्या जीपा सुटल्यात ना, त्या इस्टीच्या म्होरं पळतात आन समदी सवारी उचलून नेतात, म्हनून हे नवे डायव्हर घाईत असतात, थांबला की गाडी रिकामी, आन रिकामी गाडी बंद करनार म्हनतात. मी जीपनं जाऊ म्हनलं तर तिथं मानसंच मागं लोंबकळत जातात, पाय ठिवाया जागा न्हाई, पाट कुठं ठिवू? म्हनजे मपलं समदं ह्या नव्या पोराच्या हातात, आन त्याला म्यां अजून बगितलं बी न्हाई.

उद्या त्याची गाडी हाय. आन उद्याच सुरेखाच्या पोरीचा लगनाचा चुडा हाय, माळावरच्या गावात. सुरेखाचा चुडा मीच भरलता, ती तव्हा रडत व्हती, पोरगी मातर हसनारी हाय. निरोप आलाय, कासारीन आल्याबिगर चुडा भरायचा न्हाई. पन मला कळत न्हाई व्हय? मी न्हाई पोचले तर ते दुपारपर्यंत वाट बगतील आन जीप करून बाजारात येतील, कदाचित मपल्याच पोराच्या दुकानात.

अशोक काल म्हनला, आई, आता मपलं बी एक ऐक. उद्या गाडी थांबली, तू नीट चढलीस, तर मी पुन्हा ह्या गोष्टीवर तोंड उघडनार न्हाई. पन न्हाई थांबली, न्हाईतर तोल गेला, तर पेटी माळ्यावर, आन मग रडायचं न्हाई. मी म्हनलं बरं. म्हनून तर बसले, पन भरवसा वाटंना. दुपारी वट्यावर पाट लावून चढ, वढ, उतर, पुन्हा चढ, असं करून बगितलं, म्हातारी पोरखेळ करती असं गल्लीला वाटलं असंल. मालक आतून म्हनले, काय आपटतंय गं? मी म्हनलं काई न्हाई, पाट धुतीय. मंगल दारात हुबी राहून बगत व्हती. तोंडानं म्हनली, आत्याबाई, बास करा आता, ह्यांचं ऐका, आन मगाशी बगितलं तर पाटाचं जुनं दावं काढून तिनं नवी नायलॉनची दोरी बांधलीती, गाठीवर गाठ मारून.

ताई, तुमी उद्या सकाळी स्टँडवर येता का? हात द्यायचा न्हाई, पेटी बी उचलायची न्हाई, नुसतं दारापाशी हुबं ऱ्हायचं आन कंडक्टरला म्हनायचं, भाऊ, जरा थांब. तेवढंच.

न्हाई, नको. नकाच येऊ तुमी. तुमी हुबं ऱ्हायलात तर त्यो थांबंलच, बॅगवाली बाई हुबी असली की समदेच थांबतात. पन मग परवा काय? परवा तुमी तपल्या शाळंत, आन मी तिथंच पाट घिऊन. त्यो मपल्यासाठी थांबतो का न्हाई, ते मला एकटीलाच बगू द्या. तुमी आता निघा, अंधार पडंल, दार तेवढं वढून घ्या. सुखी ऱ्हावा बाई, आन तुमचे पाय शेवटपर्यंत धड ऱ्हाऊ देत.