सातव्या मजल्यावर दार उघडलं

लिफ्टवाला: अहो, पण ती माझी आई आहे!

सेविका: होत्या.

लिफ्टवाला: होत्या म्हणजे? बाई, नीट बोला. काय झालं तिला?

सेविका: काही झालं नाही. प्रकटल्या. आज सकाळी, याच दारातून. आणि आवाज जरा खाली ठेवा, आत उपदेश चालू आहे.

लिफ्टवाला: उपदेश कोण करतंय?

सेविका: त्याच.

लिफ्टवाला: हे बघा, मी दिवसभर तिला शोधतोय. दवाखाने झाले, पोलीस चौकी झाली, तिच्या सगळ्या मैत्रिणी झाल्या. शेवटी खालचा वॉचमन म्हणाला, सकाळी एक आजी लिफ्टनं वर गेल्या, त्या खाली आल्याच नाहीत. तसाच धावत वर आलो! या इमारतीची लिफ्ट मीच बघतो.

सेविका: बसा. पाणी घ्या. आमच्या गुरूंनी जाण्याआधी सांगून ठेवलं होतं, 'उजेड जाईल. बंद दार कोणी हात न लावता उघडेल. आत जी उभी असेल, तीच.' तेव्हापासून आमचं मंडळ या हॉलमध्ये दाराकडे तोंड करून बसलेलं आहे.

लिफ्टवाला: लिफ्टच्या दाराकडे?

सेविका: हॉलचं दार आम्ही कधी लावतच नाही. बंद असणारं हे एकच.

लिफ्टवाला: आणि कधीपासून बसलाय?

सेविका: मी आईच्या मांडीवर होते तेव्हापासून. मध्यंतरी एक कुरिअरवाला आला होता, पण तेव्हा दिवे चालू होते. त्याला सही देऊन परत पाठवला.

लिफ्टवाला: बाई, सकाळचे दिवे मी घालवले.

सेविका: काय?

लिफ्टवाला: मी! गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत होतो. वॉचमनला फोन करून अख्ख्या इमारतीचा मेन पाडायला लावला. नवीन बॅटरी बसवलीय, तिची टेस्ट होती. वीज गेली की लिफ्ट मध्ये लटकू नये, जवळच्या मजल्यावर यावी आणि दार उघडावं. एवढंच काम आहे तिचं! चमत्कार नाही, बॅटरी आहे ती!

सेविका: म्हणजे उजेड घालवणारे तुम्ही.

लिफ्टवाला: हो!

सेविका: पोटचा मुलगा.

लिफ्टवाला: हो!

सेविका: अगंबाई! 'तिचाच अंधार तिला घेऊन येईल', असं एक वाक्य आहे. आम्हाला इतकी वर्षं वाटायचं, अंधार म्हणजे अज्ञान. तुम्ही निघालात.

लिफ्टवाला: अहो, तुम्हाला मी काय सांगतोय—

सेविका: आणि 'तिच्या हाती वचन असेल', तेही खरं झालं. ते बघा, समोरच्या भिंतीवर लावलंय. फुलं वाहिलेलं.

लिफ्टवाला: 'काम चालू आहे. कृपया सहकार्य करावे.'

सेविका: वाचताना अंगावर काटा येतो.

लिफ्टवाला: ती माझी पाटी आहे! लिफ्ट दुरुस्त करताना खाली दाराला लावतो ती! घरी राहिली होती!

सेविका: 'काम चालू आहे.' म्हणजे जग अजून बनून पूर्ण झालेलं नाही. सकाळी हे कळलं तेव्हा आमच्यातले तीन जण रडले. त्यांना इतके दिवस वाटायचं, हे असंच राहणार.

लिफ्टवाला: पाटीच्या मागे रंगवणाऱ्याचा फोन नंबर आहे, बघा जाऊन!

सेविका: तो आम्ही लावला. पलीकडून कोणी उचललं नाही. गुरूंनी म्हटलंच होतं, उत्तर लगेच मिळणार नाही.

(आतून पन्नासेक गळे एका सुरात: "ओला टॉवेल पलंगावर टाकू नये.")

लिफ्टवाला: हे... हे ती मला म्हणते.

सेविका: आता सगळ्यांना म्हणतात. आमच्यात एक निवृत्त न्यायाधीश आहेत, ते मधेच उठून घरी जाऊन टॉवेल वाळत घालून आले. तुम्हीही आत या, ऐकून घ्या. थोडाच वेळ राहिलाय. सूर्य मावळला की मौन.

लिफ्टवाला: कसलं मौन?

सेविका: त्यांचं. एकच दिवस बोलायचं आणि मग शेवटपर्यंत गप्प राहायचं.

लिफ्टवाला: कशाच्या शेवटपर्यंत?

सेविका: त्यांच्या.

लिफ्टवाला: डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? माझी आई झोपेतसुद्धा बोलते! थांबा, बायकोचा फोन येतोय. हॅलो. हो, सापडली. धडधाकट आहे. अगं, ती... तिचा अवतार झालाय. नाही, अपघात नाही, अवतार. मी प्यायलेलो नाही! हो, आईच. माझीच. आणि आता अंधार पडला की ती बोलायची बंद होणार आहे. कायमची. हसू नकोस. अगं हसू नकोस, मी खरं सांगतोय. हॅलो? ए, रडतेस का? बरं, बरं, आणतो. म्हटलं ना, आणतो!

आई: कोण आहे गं बाहेर एवढं ओरडणारं? तू होय. जेवलास?

लिफ्टवाला: जेवलास? अगं, मी शवागारात डोकावून आलो!

आई: म्हणजे नाही जेवलास. घाम पूस आधी. बाहीला नको, रुमालाला.

सेविका: बाहीला नको, रुमालाला. आत सांगू का हे?

लिफ्टवाला: तुम्ही जरा थांबा हो! आई, चल घरी. या लोकांचा काहीतरी भलताच घोळ झालाय. ते दार उघडलं ना, ते बॅटरीमुळे—

आई: मला सांगतोस? दोन महिने ती बॅटरी माझ्या पलंगाखाली पडून होती. पाय लागून बोट सुजलं माझं. दार उघडल्याबरोबर मी म्हटलं, चला, चालली एकदाची पोराची बॅटरी.

लिफ्टवाला: मग यांना का नाही सांगितलंस?

आई: सांगितलं की. म्हटलं, ही सगळी माझ्या मुलाची करणी. तर सगळे आणखीनच खाली वाकले. मग म्हटलं, मला गच्चीवर जाऊ द्या, पाटी द्यायचीय. तेव्हा या बाईंनी हात जोडून विचारलं, आणखी काही सांगायचंय का?

लिफ्टवाला: बरं, आणि?

आई: आणि काय? असं मला शेवटचं कोणी विचारलं होतं, आठवेना. बसले.

लिफ्टवाला: पण मौन, आई! कायमचं! तू हो म्हणालीस?

आई: तेवढं एक आहे त्यांचं. बाकी माणसं चांगली आहेत. उशीसुद्धा दिली पाठीला. आणि तुझी काय अडचण? सकाळी मी फोन केला, तेव्हा काय म्हणालास?

लिफ्टवाला: ते आत्ता कशाला?

आई: बोल ना.

लिफ्टवाला: 'आई, जरा गप्प बस.'

आई: आणि?

लिफ्टवाला: आणि कट केला.

आई: मी काय सांगत होते माहितेय? पाटी घरी राहिलीय, मी घेऊन येतेय, तोवर वीज बंद करू नकोस.

लिफ्टवाला: अरे देवा!

आई: एवढंच. तेवढं ऐकलं असतंस तर मी पाटी देऊन आतापर्यंत घरी जाऊन चहाही प्याले असते.

लिफ्टवाला: मला वाटलं, पुन्हा मावशीच्या लग्नातल्या बँडवाल्याची गोष्ट.

आई: मी काय कामाच्या वेळी गोष्टी सांगते?

लिफ्टवाला: तू ती सगळ्याच वेळी सांगतेस! पाळण्यात होतो तेव्हापासून ऐकतोय मी ती!

आई: हो का? मग शेवट सांग.

लिफ्टवाला: कसला शेवट?

आई: गोष्टीचा. इतकी वर्षं ऐकतोयस ना? सांग, शेवटी काय होतं?

लिफ्टवाला: बँडवाला लिफ्टमध्ये अडकतो.

आई: ती सुरुवात झाली.

लिफ्टवाला: त्याच्या पुढे आहे?

सेविका: क्षमा असावी. सूर्य समोरच्या पाण्याच्या टाकीमागे गेला. वेळ झाली.

लिफ्टवाला: एक मिनिट! तुमच्या गुरूंनी नक्की काय सांगितलंय? स्वतःचं काही घालू नका, जसंच्या तसं सांगा.

सेविका: 'सूर्य मावळेल. मग ती बोलायची थांबेल, आणि थांबली की पुन्हा बोलणार नाही.'

लिफ्टवाला: थांबेल. कधी थांबेल?

सेविका: म्हणजे... थांबतील तेव्हा.

लिफ्टवाला: आणि थांबलीच नाही तर?

सेविका: असं कसं होईल? माणूस कधीतरी थांबतोच.

लिफ्टवाला: बाई, तुम्ही हिला सकाळपासून ओळखता. मध्येच कोणी तिचं बोलणं तोडलं तर?

सेविका: छे! तशी आम्हाला परवानगीच नाही.

लिफ्टवाला: झकास. आई, चप्पल घाल आणि गोष्ट सांग.

आई: आत्ता?

लिफ्टवाला: आत्ता. चालता चालता. पहिल्यापासून सांग, काही गाळू नकोस.

आई: खरंच? बरं. तर तुझ्या मावशीचं लग्न. हॉल चौथ्या मजल्यावर, कारण खालचा तिच्या सासऱ्यांना पसंत नव्हता. त्यांना काहीच पसंत नसायचं. त्यांचं एकदा काय झालं—

सेविका: अहो, त्या निघाल्या! अडवा कोणीतरी! नाही, नाही, अडवू नका, बोलताहेत! सगळे मागोमाग चला!

लिफ्टवाला: जिन्यानं, आई. कठडा धर. सासऱ्यांचं काय झालं एकदा?

आई: ते नंतर. तर बँडमधला तो जाडा माणूस, त्याचं ते पितळेचं एवढं मोठं वाद्य. म्हणाला, मी नाही जिना चढत. शिरला लिफ्टमध्ये. आणि तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये गेली की रे वीज!

सेविका: तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये! लक्षात ठेवा सगळ्यांनी! अहो, हळू चला जरा, मागे न्यायाधीशांचा गुडघा धरलाय!

आई: बिचारे. त्यांना म्हणावं, गुडघा शेकायचा, चोळायचा नाही. हुश्श, दम लागला बाई मला.

लिफ्टवाला: थांबू नकोस! मावशीनं काय घातलं होतं?

आई: शोभेल असं काही नाही. रंग तर असा, की फोटोत ती आणि पडदा वेगळे दिसत नाहीत. बरं, तो बँडवाला आतून ओरडेल की नाही? ओरडला नाही. वाजवत बसला! अंधारात, एकटा. आणि आम्ही सगळे वऱ्हाडी त्या बंद दारासमोर उभे. नवरानवरीला कोणी विचारेना.

सेविका: मला... मला धाप लागली... पुढचं कोणीतरी ऐकून ठेवा हो!

लिफ्टवाला: ऐकतोय! तुम्ही बसा तिथेच पायरीवर!

आई: ओरडू नकोस तिच्यावर. चांगली आहे ती. पाटी मात्र राहिली बघ वर.

लिफ्टवाला: राहू दे. दुसरी रंगवून घेईन. तुम्ही सगळे दारासमोर उभे होतात.

आई: मागे बघ. आहे का कोणी?

लिफ्टवाला: कोणी नाही.

आई: मग आता नाही ऐकलंस तरी चालेल.

लिफ्टवाला: आई, तू दारासमोर उभी होतीस.

आई: होते. सगळ्यांत पुढे. बऱ्याच वेळानं आत काहीतरी खडखड झाली, वाजवणं थांबलं आणि दार उघडलं. बँडवाला बाहेर पडला, सगळे टाळ्या वाजवत त्याच्या मागे पळाले. मी नाही हलले. आत आणखी एक जण होता. लिफ्टच्या छतातून आत उतरलेला, काडीपैलवान, हातात पाना आणि नाकावर ग्रीस. मला बघून म्हणाला, तुम्हाला वर जायचंय का? मी मनात म्हटलं, हाच.

लिफ्टवाला: हाच म्हणजे कोण?

आई: कोण काय, वेड्या! तुझे बाबा.

लिफ्टवाला: बाबा? आई, हे... हे तू मला कधी सांगितलंच नाहीस!

आई: रोज सांगत होते.