काळे टमाटर

अरे भिया, काळे टमाटर पाहिलेस कधी? मी रोज स्वप्नात पाहतो. बायको पिवळ्यांचं बियाणं घेऊ म्हणत होती, मी हट्टानं काळ्यांचं आणलं. गच्चीतल्या कुंडीत, घरच्याच ओल्या कचऱ्याच्या खतात पेरलं. रोज संध्याकाळी चहा घेऊन तिथं बसलो की तंद्रीच लागायची. टमाटर धरले आणि पिकून लालभडक झाले.

"थांब, हळूहळू काळे पडतील," मी बायकोला म्हणालो.

"अहो, हे आपण कचऱ्यात टाकलेल्या टमाटरांच्या बियांतून उगवलेत. तुमच्या काळ्यांची रोपं मीच उपटली, पानं अगदी बटाट्यासारखी रुंद होती. मला वाटलं, सालांतून बटाटे उगवलेत!"

त्या संध्याकाळी तिनं सेव-टमाटरची भाजी केली. मी डोळे मिटून खाल्ली, भिया. डोळे मिटले की सगळे टमाटर काळेच.