अकरा बोअरचं पाणी

अध्यक्षस्थानी बसलेले आदरणीय प्राचार्य भगवानराव सर, आमच्या मार्गदर्शक तेजश्री मॅडम, मंचावरील मान्यवर, समोरच्या मित्रमैत्रिणींनो, आणि जिच्यासाठी हे हार आणलेत ती पंचशीला,

पुण्याच्या संशोधन संस्थेत जागा एकच होती. अर्ज आम्ही दोघांनी केला, निवड तिची झाली. आणि संशोधनाचा अनुभव सांगायला उभं केलंय मला! अनुभव म्हणाल तर दोन वर्षं मी हिच्यावर जळतोय. मॅडम सोडून हे सगळ्यांना माहीत आहे.

वडवणी तालुक्यातल्या चाळीस बोअरचं पाणी आम्ही तपासलं. नियम साधा आहे, मोटार दहा मिनिटं चालवायची आणि मग बाटली भरायची. माझ्या वाट्याच्या अकरा बोअरवर गेलो तेव्हा लाइट नव्हती. ती कधी येणार, हे आपल्यापैकी कुणी सांगू शकेल का? मी सरळ सिमेंटच्या टाक्यांतून बाटल्या भरल्या आणि जीप पकडली. टाकीत क्षार तळाशी बसतात, त्यामुळे आकडे छान आले. इतके छान, की पंचशीलाला शंका आली.

ती अकराही ठिकाणी पुन्हा गेली, लाइटची वाट बघत बसली. बाटल्यांची पिशवी घेऊन मी मागे. त्यातल्या एका बोअरवर कडूबाई नावाच्या आजी तिला म्हणाल्या, "बस माय, च्या घे. मागं आलता त्यो पोरगा लई घाईत व्हता." तो पोरगा समोरच उभा होता. चहा एकच कप आला.

पुढे हाच प्रकल्प आम्ही संशोधन स्पर्धेत मांडला, तेव्हा परीक्षकांनी विचारलं, या अकरा ठिकाणचे आकडे दोनदा का? ही शांतपणे म्हणाली, "आमची चूक झाली होती, म्हणून परत घेतले."

परीक्षक खूश झाले. मघाशी सरांनीही या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. मला मात्र त्या 'आमची'चा राग आला, अजून आहे. तिनं माझं नाव घेतलं असतं तर मी तिचा द्वेष करून मोकळा झालो असतो. तेवढंही तिनं करू दिलं नाही. आकडे तिचे, चहा तिचा, जागा तिची. चूक तेवढी माझी होती, तीही हिनं अर्धी घेतली.

पंचशीला, त्या टाक्यांपाशी तू नव्हतीस. हे आज सर्वांसमक्ष सांगतो.

मला बोलू दिलंत, आपला आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनानं माफ करा. आणि ती चूक माझी एकट्याची समजा, हिला त्यात वाटा देऊ नका.