मुलीला कुठं ठेवलंय?

नाही हो सुनिल्दा, तुम्ही बसा, मी उभीच बरी — तेरेरे प्या अजून, बर्फ आहे भरपूर — बोलताना माझे पाय चालूच असतात, नवरा म्हणतो, रुमिल्दा, तू टेकलीस तर घर कोसळणार आहे का. तर काय सांगत होते — आईचं. सकाळी दुधात चिपाचा पाव कुस्करून द्यायचा, दुपारी सूप, कसावा द्यायचा नाही, घशात अडकतो तिच्या. चालणं संपलं, परसात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. डोकं मात्र शाबूत आहे, विसरभोळी बिसरभोळी समजू नका. मघाशी तुमच्याशी कशी बोलली बघितलंत ना — गालावरून हात फिरवला, 'पोरी' म्हणाली — काही नाही, मी उशी सारखी करत होते, कानावर पडलं म्हणून सांगते. मला ती रुमिल्दाच म्हणते, कचेरीत पुकारतात तसं. असू दे, चालायचंच.

तुम्ही म्हणाल, सख्खी मुलगी घरात असताना बाई कशाला. शिवणकाम आहे माझं, शाळेचे गणवेश — म्हणजे ते आहेच, पण खरं कारण ते नाही. तिला आंघोळ घालायला घेतली की मी तांब्या ठेवून बाहेर निघून येते. आधी रागानं यायचे, आता कशानं ते मलाही सांगता येत नाही. आठ वर्षांची होते मी. काआसापाकडच्या खेड्यात राहायचो आम्ही, आई, मी आणि क्रिस्पीन, माझा भाऊ. एक दिवस आई म्हणाली, चल, असुन्सिओन शहरात जाऊन तुला बूट घेऊ. मी आदल्या दिवशीच पाय घासून धुतले — दुकानदार काय म्हणेल. आणि गेलो ते एका घरात, गुळगुळीत फरशीचं घर, तिथल्या बाईनं माझे हात उलटेपालटे करून बघितले, आई पाणी प्याली, मला म्हणाली, फाटकापाशी बस. बसले. बूट घ्यायचे होते ना. बऱ्याच वेळानं ती बाई आली, म्हणाली, आई गेली तुझी, ऊठ, भांडी पडलीयत. मागच्या दारानं गेली होती ती.

सतराची होईपर्यंत तिथं होते. लोकांना सांगायचे, ही आमच्या घरचीच — घरचीच, पण जेवायचं सगळ्यांचं झाल्यावर, स्वयंपाकघरात, उभ्यानं. शाळेत घालू म्हणाले होते, घातलंही, तिथं मी बाकावर डोकं टेकून झोपायचे. आणखी काय काय झालं ते नको — त्या घरातल्या थोरल्या मुलाच्या हाताला मी एकदा कडकडून चावले होते, आणि मार मला पडला होता, एवढ्यावरून काय ते समजा. हे का सांगतेय मी तुम्हाला? तुम्ही कामाला आलायत. सवय झालीय आता सांगायची.

म्हणजे झालं काय, माझी लेक आठाची झाली आणि माझं काहीतरी बिनसलं. चांगली हसतखेळत शाळेत जायची पोर, आणि मी शिलाई टाकून दिवसातून तीनतीनदा शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी. तिच्या बाईंनीच आरोग्य केंद्रात पाठवलं. तिथं मनाचं बघणारी एक मुलगी होती, माझ्या निम्म्या वयाची असेल — कितीतरी खेपा मी तिला नुसतं तिच्या खिडकीचे पडदे किती वाईट शिवलेत तेच सांगत बसले. तिनंही ऐकून घेतलं. मग एकदा म्हणाली, फाटकापाशी बसलेल्या त्या मुलीला आज काही सांगावंसं वाटतं का? मी म्हटलं, छे, काय सांगणार. आणि येताना बसमध्ये असं रडू फुटलं — शेजारच्या म्हाताऱ्यानं पिशवीतलं संत्रं काढून हातात ठेवलं. आता दर शनिवारी चर्चच्या खोलीत जमतो आम्ही, सगळ्या लहानपणी अशाच दुसऱ्याच्या घरी दिलेल्या. एकमेकींना वाढतो, बसून जेवतो. हसतोही पुष्कळ, एलाडिआ तिच्या मालकिणीची नक्कल करते ती बघायलाच हवी.

त्यांच्याच बळावर आईकडे गेले विचारायला. ती शेंगा सोलत होती. म्हटलं, आई, मला का दिलंस? क्रिस्पीनला का नाही? हात थांबले नाहीत हो तिचे. म्हणाली, "कुणाला तरी द्यायचंच होतं. तू रडणारी नव्हतीस." म्हटलं, मग भेटायला का आली नाहीस, एकदा तरी? तर म्हणाली, "आले असते तर माझ्यामागं निघाली असतीस." आणि शेंगांचं सूप वाढलं मला. तिलाही तिच्या आईनं असंच दिलं होतं — मावशीनं सांगितलं नंतर. त्यानं माझं काही भरून निघालं नाही, पण शेंगा सोलणारे ते हात मला वेगळे दिसायला लागले. माफ केलं का? नाही. आरोग्य केंद्रातल्या त्या मुलीनं सांगितलंय, तशी सक्ती नाही. जेवू घालायचं, औषध द्यायचं, जमेल तेवढं करायचं, जमत नाही ते दुसऱ्याकडे सोपवायचं. क्रिस्पीन बसलाय ब्युनोस आयरिसला. म्हणून तुम्ही.

तर राहायचं इथंच, रविवारी सुट्टी, आणि जेवायला आमच्याबरोबर टेबलावर, ही माझी अट — काय म्हणालात? मुलगी आहे तुम्हाला? बोलला नाहीत मघाशी. केवढी — नऊची. मग ती कुणाकडे, आजीकडे? — मग कुणाकडे? — लुकेला. एका बाईंकडे. हं. — चांगल्या आहेत. शाळेत घालणार आहेत. थोडा हातभार लावायचा घरात, एवढंच.

ते तेरेरेचं भांडं खाली ठेवा जरा. सुनिल्दा, कधी सोडलंस तिला? — रविवारी. काय सांगून सोडलंस? — बरं, नको सांगूस. माझ्याकडे बघ. मी तुला बोल लावत नाहीय, बाप नाही, जागा नाही, सगळं समजतं मला, माझ्याइतकं कुणाला समजणार. पण ऐक. त्या पलीकडच्या खोलीत दोन खाटा मावतात, शिवणयंत्र मी ओसरीत घेते. ती इथं राहील, शाळा दोन गल्ल्यांवर आहे. झाडूला हात लावायचा नाही तिनं, आईला पाणीसुद्धा द्यायचं नाही — आपणहून दिलं तर दिलं. हे पटत नसेल तर मी दुसरी बाई बघते. धमकी समज हवं तर.

रडू नकोस, वेळ नाहीय. नाव काय तिचं? — मिर्ना. लुकेची बस कोपऱ्यावर मिळते. नाही, एकटी नाही जायचं तू, ती बाई गोड बोलेल, खायला घालेल, म्हणेल पोरीचं कल्याण होतंय इथं, आणि तू परत एकटीच येशील — मला माहितीय ते कसं होतं. थांब, चपला घालते. आईकडे शेजारीण बघेल तोवर. अगं, उद्या कशाला? रविवारपासून तिनं किती वेळा फाटकाकडे बघितलं असेल, कल्पना तरी आहे का तुला — चल. ऊठ. बोलू नकोस आता काही.